निषेधाच्या रकान्यातली उत्तरं

मी माझ्या एका विद्यार्थिनीच्या प्रबंधातलं एक प्रकरण काढायला लावलं, आणि सहा वर्षांनी तेच प्रकरण व्यासपीठावर उभं राहून स्वतःचा पश्चात्ताप म्हणून वाचून दाखवलं. याला चूक म्हणताना मला संकोच वाटतो. चूक म्हटलं की माणूस बेसावध होता असं वाटतं, आणि मी चांगला सावध होतो. प्रकरण काढायला लावताना मी तिला एक वाक्यही ऐकवलं होतं. ते वाक्य या सगळ्यापेक्षा वाईट आहे. ते त्याच्या जागी येईल.

मी कृषी अर्थशास्त्र शिकवतो, एडिनबरामध्ये, वीसेक वर्षं. आमच्या विभागात शेतकऱ्याला भेटणं कमीपणाचं मानत नाहीत, फक्त कुणी भेटत नाही. चिखल लागलेले बूट मी आमच्या कॉरिडॉरमध्ये एकदाच पाहिले. ते फायर अलार्म तपासायला आलेल्या माणसाचे होते. आम्ही शेती बघतो ती कॉन्फरन्सला जाताना ट्रेनच्या खिडकीतून. कुणीतरी म्हणतं, "लव्हली बार्ली." ते बहुधा गवत असतं.

तरीही आमच्याशिवाय सरकारचं चालत नाही. डोंगरावरच्या मेंढ्या काढून तिथे झाडं लावायची, असं एखाद्या खात्याच्या मनात येतं आणि आम्हाला विचारतात, शेतकरी किती पैशांत तयार होतील? आम्ही कार्डं छापतो. प्रत्येक कार्डावर तीन पर्याय, करार दहा वर्षांचा. पहिला, अर्ध्या मेंढ्या काढा, इतके पौंड घ्या. दुसरा, सगळ्या काढा, त्याहून जास्त घ्या. तिसरा, यातलं काहीच नको. शेतकऱ्याने अशी आठ-दहा कार्डं भरायची आणि आम्ही त्यावरून हिशेब मांडून सरासरी काढायची.

आता जो माणूस प्रत्येक कार्डावर तिसऱ्याच पर्यायावर खूण करतो, त्याचं काय करायचं? त्याला आम्ही 'प्रोटेस्ट' म्हणतो. त्याच्या नावासमोर निषेधाच्या रकान्यात एक आकडा घालतो, आणि सरासरी काढण्याआधी त्याला गाळून टाकतो. यात लबाडी आहे असं कुणालाही वाटत नाही. हे पाठ्यपुस्तकात आहे. मी स्वतः परीक्षेत यावर प्रश्न काढले आहेत. ज्यांना नको आहे त्यांना बाजूला काढून उरलेल्यांना विचारलं की सगळे तयार निघतात, आणि मग आम्ही अहवालात लिहितो की शेतकरी तयार आहेत. एवढी अक्कल यायला आम्हाला डॉक्टरेट लागते.

ती विद्यार्थिनी विदर्भातून स्कॉलरशिपवर आली होती. विभागात इंग्रजीत बोलताना इतरांसारखी मला पहिल्या नावाने हाक मारायची आणि मराठीत आली की लगेच 'सर' म्हणायची. आमच्याकडे महिन्यातून एकदा जेवायला यायची. माझी बायको इथल्या हॉस्पिटलमध्ये भूल देणारी डॉक्टर आहे. त्या दोघींचं चांगलं जमायचं. दर चौदा एप्रिलला ती जयंतीच्या कार्यक्रमासाठी कम्युनिटी हॉल बुक करायची, खुर्च्या स्वतः लावायची, आणि दरवर्षी मला आग्रहाने बोलवायची. दरवर्षी मला नेमकं त्याच दिवशी काहीतरी काम निघायचं. आठवडाभर आधी ती विचारायची, "सर, यंदा?" मी म्हणायचो, "बघतो." बायको एकटीच जाऊन यायची.

मेंढ्यांचं सर्वेक्षण हे तिच्या प्रबंधाचं काम होतं आणि माझ्या अहवालाचंही. कार्डं पोस्टाने पाठवायची आणि फोनवर भरून घ्यायची, असं मी ठरवलं होतं. ती म्हणाली, फोनवर हे लोक पटकन कापून टाकतात, मी जाऊन भेटते. दक्षिणेच्या सीमाभागातल्या, बॉर्डर्समधल्या डोंगरांत ती बसने जायची आणि बस संपली की चालत. सगळी थंडी तिने अशी काढली. परत आली तेव्हा तिच्याकडे कार्डांचे गठ्ठे होते आणि बऱ्याच कार्डांच्या मागे पेनाने लिहिलेलं होतं.

"प्रोटेस्ट किती?" मी विचारलं.

"सर, खरं म्हणजे प्रोटेस्ट कुणीच नाहीये. मागे काय लिहिलंय बघा ना."

"मागचं कोड होत नाही, आकड्यांत बसत नाही."

"तेच म्हणतेय. म्हणून मी एक वेगळा चॅप्टर लिहिलाय."

तिने एक कार्ड माझ्यासमोर ठेवलं. एकटीने कळप सांभाळणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईचं होतं ते. तिने सगळ्या कार्डांवर तिसऱ्या पर्यायावर खूण केली होती. मागे लिहिलं होतं: तुम्ही म्हणता दहा वर्षांसाठी काढा. अकराव्या वर्षी आणलेल्या मेंढ्यांना हा डोंगर कोण शिकवणार, तुम्ही?

माझ्या विद्यार्थिनीचा मुद्दा असा होता. त्या डोंगरांना कुंपण नाही. तरी प्रत्येक कळप आपल्याच उतारावर राहतो, शेजारच्या कळपाच्या हद्दीत जात नाही. मेंढी हे आईकडून शिकते. वारा कुठे अडतो, बर्फात कुठे उभं राहायचं, पाणी कुठे गोठत नाही, हे कोकराला आई दाखवते, आणि ते पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं असतं. कळप एकदा काढला की ती साखळी तुटते. नंतर बाजारातून मेंढ्या विकत आणता येतात, पण त्या डोंगरावर राहत नाहीत, भरकटतात. आमच्या कार्डावर मात्र असं गृहीत धरलेलं होतं की मेंढ्या म्हणजे नळ आहे, हवा तेव्हा बंद, हवा तेव्हा सुरू. ज्या लोकांनी नकार दिला त्यांना आमचा प्रश्न आमच्याहून नीट कळला होता. आमचा प्रश्नच चुकला आहे आणि त्यांचा नकार हे त्याचं अचूक उत्तर आहे, असं तिने त्या प्रकरणात दाखवलं होतं. नुसतं दाखवलं नव्हतं, चोख गणित मांडलं होतं.

मी ते प्रकरण वीकेंडला बागेत बसून वाचलं. वाचताना मला कळलं की हे बरोबर आहे. हे इथे मुद्दाम लिहितो, कारण पुढे भाषणात मी म्हणालो की "त्या वेळी मला हे दिसलं नाही." मला दिसलं होतं. पहिल्या काही कार्डांवरून केलेला माझा अहवाल तोवर खात्याकडे गेला होता, त्यात माझी सरासरी होती, आणि तिचं प्रकरण खरं ठरलं असतं तर माझी सरासरी रद्दी ठरली असती. इतकं साधं कारण होतं. त्याला मी पद्धतिशास्त्रातला मतभेद म्हणालो.

"हे इकॉनॉमिक्स नाही," मी सोमवारी तिला म्हणालो. "हे जर्नलिझम आहे."

"सर, डेटा आहे. मॉडेल आहे. अपेंडिक्समध्ये सगळं दिलंय."

"डेटा नाही, तक्रारी आहेत. तू त्यांच्या बाजूने बोलतेयस."

"मी त्यांचं उत्तर उत्तर म्हणून मोजतेय, एवढंच."

तिचा आवाज शांत होता, आणि तिचं म्हणणं खोडायला माझ्याकडे काही नव्हतं. तेव्हा मी म्हणालो, "तुम्हा लोकांचं हेच असतं. जिथे जाल तिथे नकार, आणि त्या नकाराचं कौतुक. चळवळ दाराबाहेर ठेवून येत जा."



"तुम्हा लोकांचं म्हणजे कुणाचं, सर? पीएचडी स्टुडंट्सचं?"

"मला काय म्हणायचंय ते तुला कळतंय."

"हो," ती म्हणाली. "कळलं."

माझ्या आडनावावरून मला या देशात किंवा त्या देशात कुणी कधी काही विचारलेलं नाही. तिला आडनाव सांगितल्यावर पुढचा प्रश्न येतो, इथल्या मराठी मंडळातसुद्धा, हसत हसत, हातात बटाटेवड्याची प्लेट धरून. हे मला माहीत होतं. म्हणूनच ते वाक्य हाताशी होतं.

तिने प्रकरण काढलं. निषेधाची उत्तरं गाळून सरासरी काढली, पदवी मिळाली. परीक्षकांनी प्रबंधाचं कौतुक केलं, फार 'क्लीन' काम आहे म्हणाले. विद्यापीठात नोकरी मिळाली नाही तेव्हा ती ब्रॅकनेलला एका टेक कंपनीत लागली. सुपरमार्केटचे ग्राहक कशाबरोबर काय घेतात याचं विश्लेषण करायचं. आमच्याकडे येणं बंद झालं. अंतर वाढलं, असं मी बायकोला सांगितलं. ब्रॅकनेल लांब आहेच.

मग आमच्या धंद्यात आत्मपरीक्षणाची लाट आली. ती दर काही वर्षांनी येते, विशेषतः निधी आटला की. आपण कुणाच्या बाजूचे, आपण कुणाचं ऐकलं नाही, यावर सत्रं होतात, दुपारच्या जेवणानंतर, चांगल्या हॉटेलात. प्राध्यापक डोळे मिटून ऐकतात, काही खरोखर झोपलेले असतात. एकजण उठून म्हणतो की आपण शेतकऱ्यांपर्यंत पोचायला हवं. सगळे माना हलवतात. त्या सभागृहात एकही शेतकरी नसतो, कारण नोंदणी शुल्कात शेतकऱ्याला सवलत नसते. चहाबरोबर शॉर्टब्रेड असतं. चहा झाला की पुढच्या सत्रात पुन्हा तीच कार्डं, तोच रकाना.

त्या वर्षी मुख्य भाषण मला दिलं. माझ्याकडे स्वतःचं सांगण्यासारखं काही नव्हतं. जुन्या फोल्डरमध्ये तिचं प्रकरण होतं. मी ते उघडलं, 'मी'च्या जागा बदलल्या, शोधाचा स्वर काढून पश्चात्तापाचा घातला. मेंढीने कोकराला डोंगर शिकवणं, म्हाताऱ्या बाईचं कार्ड, आमचा चुकलेला प्रश्न, सगळं घेतलं. ते शोधलं कुणी, हे मात्र घेतलं नाही. 'एक संशोधक सहकारी' असं एका ठिकाणी होतं, लांबी कमी करताना तेही गेलं.

स्वयंपाकघरात मी सराव करत होतो. बायको डबा भरत होती.

"हे तिचं ना?" ती म्हणाली.

"कल्पना कुणाच्या मालकीच्या नसतात."

"मग खाली तुझं नाव कशाला?"

"अगं, मी माझी चूकच कबूल करतोय यात."

"छान. आमच्याकडे चुकलं तर पेशंटला समोर बसवून सांगावं लागतं काय चुकलं ते. तुमच्याकडे चुकलं की भाषण मिळतं." तिने डब्याचं झाकण दाबलं. "आणि हो, आवाज जरा कमी कापू दे. खोटं वाटतं."

मी आवाज कमी कापू दिला. टाळ्या पडल्या. दोघा-तिघांचे डोळे पाणावले, एकजण माझा हात धरून "सो ब्रेव्ह" म्हणाला. भाषण आमच्या कृषी अर्थशास्त्रज्ञांच्या संस्थेच्या नियतकालिकात छापून आलं.

काही महिन्यांनी दुसऱ्या एका नियतकालिकाच्या संपादकाने मला एक निबंध तपासायला पाठवला. लेखकाचं नाव झाकलेलं होतं, आमच्यात तशी पद्धत आहे. दुसऱ्याच पानावर ती म्हाताऱ्या बाईची ओळ होती. माझ्या विद्यार्थिनीने सुट्टीच्या दिवशी बसून ते प्रकरण पुन्हा लिहिलं होतं, अधिक नेटकं, अधिक धारदार. माझ्या भाषणाचा उल्लेख नव्हता. तिने ते वाचलंच नसावं. ती आता आमची नियतकालिकं कशाला वाचेल?

मी ते परत पाठवायला हवं होतं. लेखक मला माहीत आहे, मी तपासू शकत नाही, एवढं एक वाक्य पुरलं असतं. मी लिहिलं की मुद्दा महत्त्वाचा आहे, पण तो अलीकडेच एका भाषणात मांडला गेला आहे. लेखकाने त्या भाषणाचं ऋण मान्य करावं आणि आपलं नवं योगदान कोणतं ते स्पष्ट करावं. खाली भाषणाचा संदर्भ दिला. पूर्ण, पानांच्या आकड्यांसह. हे लिहून झाल्यावर मी बटाटे सोलले. बोट कापलं वगैरे काही झालं नाही.

संपादकाने निबंध नाकारला. नावीन्य नाही.

एका रविवारी सकाळी मी कचऱ्याचा बिन बाहेर ठेवत होतो तेव्हा तिचा फोन आला.

"सर, माझा पेपर तपासणारा रिव्ह्यूअर टू तुम्हीच ना?"

"रिव्ह्यू कॉन्फिडेन्शियल असतो."

"ठीक आहे. मग रिव्ह्यूअर टू नसलेल्या सरांना सांगते. केंब्रिजला लेक्चररच्या पोस्टसाठी माझा इंटरव्ह्यू आहे, पुढच्या महिन्यात. हा पेपर अ‍ॅक्सेप्ट झालेला दाखवायचा होता. आता मी तिथे जाऊन काय सांगू? माझ्याच थिसिसमधून काढलेली गोष्ट मी तुमची चोरली, असं?"

"मी येतो," मी म्हणालो. "भेटून बोलू."

"लंच ब्रेकला या. एक तास असतो."

ब्रॅकनेलच्या त्या ऑफिसच्या खालच्या कॅफेत ती गळ्यात ओळखपत्र अडकवून आली. तिने स्वतःची कॉफी स्वतः घेतली. मी ट्रेनमध्ये वाक्यं जुळवली होती. सुरुवात केली, "इतकी वर्षं माझ्या मनावर जे ओझं..."

"सर, तुमच्या मनाचं नंतर," ती म्हणाली. "आधी काय केलंत ते सांगा."

मी सांगितलं. प्रकरण, भाषण, रिव्ह्यू. तिने मध्ये एकदाही मला सोडवलं नाही. मी 'झालं' म्हणालो तिथे ती म्हणाली, "झालं नाही, केलंत." शेवटी मी म्हणालो की मी तिची माफी मागतो.

"मला सांगून काय उपयोग? मला माहीतच आहे. टाळ्या वाजवल्या त्यांना सांगा. आणि एडिटरला आज लिहा, उद्या नको."

"लिहितो. अजून काही?"

ती कपाकडे बघत होती. "तुम्हाला आठवत असेल तर तुम्हीच सांगाल," ती म्हणाली, आणि वेळ झाली म्हणून उठली.

मला आठवत होतं.  परतीच्या ट्रेनमध्ये मी स्वतःला पटवलं की ती दुसऱ्याच कशाबद्दल बोलत असेल.

संपादकाला मी त्याच संध्याकाळी लिहिलं. त्याला प्रकार किळसवाणा वाटला हे त्याच्या उत्तराच्या सभ्यपणावरून कळलं. निबंध पुन्हा विचारात घेतला, नव्या परीक्षकांकडे पाठवला. आमच्या संस्थेच्या समितीने मात्र बराच वेळ घेतला. भाषण मागे घेण्याची पद्धत नाही, एकाने कळवलं. तळटीप चालेल का? दुसऱ्याने लिहिलं की इतकं मनाला लावून घेऊ नकोस, सगळेच विद्यार्थ्यांच्या कामावर उभे असतात. हे त्याने मला धीर द्यायला लिहिलं होतं. त्या पत्राइतकी माझ्या व्यवसायाची ओळख मला दुसऱ्या कशातून झालेली नाही.

वार्षिक सभेत 'इतर विषय' या शेवटच्या कलमाखाली मला दोन मिनिटं मिळाली. निम्मे लोक ट्रेन गाठायला निघाले होते. ती आली होती. मी तिला कळवलं होतं, पण येईल असं वाटलं नव्हतं. मागच्या रांगेत कोट न काढता बसली होती. मी इंग्रजीत सांगितलं की ते भाषण माझं नव्हतं, काम संपूर्ण तिचं होतं, तिचं नाव घेतलं, ते प्रकरण मीच दाबलं होतं हे सांगितलं, आणि रिव्ह्यूचंही सांगितलं. अध्यक्षांनी विचारलं, हे इतिवृत्तात घ्यायलाच हवं का? मी म्हणालो, हो. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एकाने घड्याळ पाहिलं.

बाहेर कॉरिडॉरमध्ये मी तिला विचारलं, "केंब्रिजचं काय झालं?"

"नाही झालं. पेपरचा निर्णय इंटरव्ह्यूनंतर आला. अ‍ॅक्सेप्ट झालाय, पण पोस्ट गेली." तिने हे हवामान सांगावं तसं सांगितलं. "ते छान बोलले. पुढच्या वेळी अप्लाय करा म्हणाले."

"पुढची वेळ येईल."

"सर, प्लीज."

 शेजारून लोक बॅगा ओढत जात होते. एकजण जाता जाता माझ्या खांद्यावर थोपटून गेला आणि तिच्याकडे त्याने पाहिलंही नाही. ती बॅग खांद्यावर घेत होती. आता नाही बोललो तर पुन्हा बोलणार नाही, हे मला माहीत होतं. मी स्वतःला चांगला ओळखतो, आणि ती ओळख काही चांगली नाही.

"त्या सोमवारी मी 'तुम्हा लोकांचं' म्हणालो," मी म्हणालो, "ते मी तुझ्या जातीबद्दलच म्हणालो होतो. तुला बरोबर कळलं होतं. तुझ्या चॅप्टरमध्ये मला चूक सापडत नव्हती, म्हणून मी जात काढली. रागाच्या भरात नाही, विचार करून. आज आतमध्येही मी ते सांगितलं नाही, कारण तेवढी माझी हिंमत झाली नाही. ते मी बोललो होतो, आणि त्याबद्दल मी तुझी माफी मागतो."